झाडू एकच, पगार दोन

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कामगार कायदे त्यांत विलीन झाले. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती एका वर्षात मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीची, नियुक्तिपत्राची, महिलांच्या रात्रपाळीची आणि ३०० कामगारांपर्यंतच्या कारखान्यांना मिळालेल्या सवलतीची. आपल्या समाजाच्या पोटाशी जिचा थेट संबंध आहे, ती ओळ मात्र एका व्याख्येत बसली आहे आणि तिच्याबद्दल फार कोणी बोलताना दिसत नाही.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० असे त्या संहितेचे नाव. आस्थापनेच्या 'मुख्य कामा'त कंत्राटदारामार्फत कामगार लावायला या संहितेने, काही अपवाद सोडून, मनाई केली आहे. ऐकायला चांगले वाटते. पण मुख्य काम कोणते नाही, याची एक यादीही तिथेच दिली आहे. त्या यादीत पहिले नाव साफसफाईचे आहे: झाडणे, पुसणे, धूळ काढणे, सर्व प्रकारचा कचरा गोळा करणे आणि त्याची विल्हेवाट लावणे. त्यानंतर सुरक्षारक्षक, मग कँटीन, मग माल चढवणे-उतरवणे, आणि पुढे बागकाम वगैरे. ही यादी वाचून आपल्या वस्तीतल्या कोणत्याही गल्लीतून एक चक्कर मारा. दर दुसऱ्या घरात या यादीतले कोणी ना कोणी भेटेल.

आता मागे जाऊ. ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखाली एक अधिसूचना काढली होती. केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींमध्ये झाडणे, साफ करणे, धूळ पुसणे आणि पहारा देणे या कामांसाठी कंत्राटी कामगार लावण्यास तिने बंदी घातली. कारण साधे होते. हे काम रोजचे आहे, बारमाही आहे, ते कधी संपत नाही. मग ते करणारा माणूस तात्पुरता कसा? या अधिसूचनेच्या आधारे एअर इंडियाच्या सफाई कामगारांनी लढा दिला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंत्राट पद्धत बंद झाली तर त्या कामगारांना मूळ मालकाने सामावून घ्यावे. २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा निकाल फिरवला आणि १९७६ ची अधिसूचनाही रद्द ठरवली. कंत्राट बंद झाले तरी आपोआप कायम होण्याचा हक्क नाही, असा नियम झाला. आणि २०२० च्या संहितेत तीच कामे, जवळपास त्याच शब्दांत, परत आली. १९७६ मध्ये ती 'कंत्राट नको' या यादीत होती. आता ती 'कंत्राट चालेल' या यादीत आहे. मधल्या काळात कचरा कमी झाला नाही, की रस्ते स्वतःहून स्वच्छ होऊ लागले नाहीत.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला दुहेरी श्रमबाजाराचा सिद्धांत शिकवला गेला. डोरिंजर आणि पिओरी या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ च्या आसपास तो मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की नोकऱ्यांचा बाजार एक नसतो, दोन असतात. एका बाजारात पगार बरा, नोकरी टिकाऊ, नियम लेखी, आणि वर चढायला शिडी असते. दुसऱ्यात पगार कमी, आज काम उद्या नाही, तक्रार केली तर बाहेर, आणि २० वर्षे काम केले तरी माणूस जिथे होता तिथेच. अमेरिकेच्या शहरांतले कृष्णवर्णीय कामगार दुसऱ्या बाजारात का अडकून पडतात, हे शोधताना त्यांना ही भिंत दिसली. आपल्याकडे प्राध्यापक हा सिद्धांत शिकवतात तेव्हा उदाहरण 'संघटित क्षेत्र आणि असंघटित क्षेत्र' असे देतात. जणू एका बाजूला कारखाना आणि दुसऱ्या बाजूला हातगाडी. ही मांडणी अपुरी आहे. आपल्याकडची भिंत एकाच कार्यालयातून, एकाच रस्त्यातून, कधी कधी एकाच झाडूच्या दोन्ही बाजूंनी जाते.

आणि ही भिंत नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत ती होती. विणकाम खात्यात, म्हणजे साचे चालवायच्या खात्यात, कमाई जास्त. त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. त्याने रिंग खात्यात राबायचे. कारण काय, तर कांडीवरचे सूत संपले की नवीन कांडी धोट्यात घालून धाग्याचे टोक तोंडाने ओढून काढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? गिरणी एक, मालक एक, भोंगा एक. तरी चांगली नोकरी कोणाची आणि हलकी कोणाची हे जातीने ठरत होते. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि युनियनने तो आपल्या मागण्यांत घ्यावा असा आग्रह धरला. कामगारांच्या एकीची भाषा करणाऱ्यांना त्या एकीत आपण कुठे आहोत, हे विचारण्याची ती पद्धत होती. पुढे १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात त्यांनी कामाची वाटणी आणि काम करणाऱ्या माणसांची वाटणी यांतला फरक सांगितला. तो कितीतरी जण पाठ म्हणून दाखवतात. त्यामागे हा धोटा होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

स्वातंत्र्यानंतर ही भिंत थोडी खचली. आरक्षणामुळे खचली, आणि सरकारी नोकरी कायम स्वरूपाची होती म्हणूनही खचली. रेल्वे, पोस्ट, आयुध निर्माण कारखाने, वीज मंडळ, एसटी, महापालिका. या ठिकाणी आपली माणसे बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या पायरीवर लागली. शिपाई, गँगमन, बिगारी, सफाई कामगार, हेल्पर. काम हलके मानले गेले तरी नोकरी पक्की होती. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार, भविष्य निर्वाह निधी, आजारपणाची रजा, सोसायटीचे कर्ज, निवृत्तीनंतर पेन्शन. आज आपल्या समाजात जो डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक, अधिकारी दिसतो, त्याच्या मागे बहुतेक वेळा असा एक चतुर्थ श्रेणीतला बाप किंवा आई आहे. बाबासाहेबांच्या 'शिका' या आदेशाला घरात पैसा लागत होता, आणि तो पैसा या नोकऱ्यांतून आला. शाळेची फी भरायला १० तारखेचा पगार १० तारखेला यावा लागतो. ही गोष्ट इतकी साधी आहे, की आपल्या चळवळीच्या इतिहासात तिला स्वतंत्र जागा मिळालेली नाही.

आता नेमकी तीच पायरी काढून घेतली जात आहे.

एका मोठ्या शहराच्या पूर्व उपनगरातल्या वस्त्यांत मी काम करते. तिथे सकाळी साडेसहाला हजेरी चौकीवर दोन प्रकारचे सफाई कामगार येतात. एक कायम, दुसरे कंत्राटी. दोघांच्या हातात झाडू, दोघांच्या वाट्याला तोच रस्ता, मुकादम एकच. कंत्राटी कामगाराच्या हातात महिन्याला जे पडते ते कायम कामगाराच्या पगाराच्या निम्मेही नसते. फरक तिथे थांबत नाही. कायम कामगार आजारी पडला तर रजा टाकतो. कंत्राटी बाईला ताप आला तर तिचा खाडा होतो, आणि तीन-चार खाडे झाले तर तिच्या जागी दुसरी येते. कंत्राट बदलले की नवा कंत्राटदार तिला 'नवीन' म्हणून घेतो. १२ वर्षे त्याच रस्त्यावर झाडू मारणारी बाई कागदावर ११ महिन्यांची असते. पीएफ कापला जातो, पण खात्यात जमा होतो का, हे तिला ठाऊक नसते. तिच्या मोबाइलवर मी खाते उघडून दाखवते तेव्हा मधल्या काही वर्षांच्या रकान्यांत काहीच नसते. कधी दोन कंत्राटदारांनी दोन वेगळे क्रमांक काढलेले असतात, आणि एकात नावाचे स्पेलिंग चुकलेले असते. ते दुरुस्त करायला जुन्या कंत्राटदाराची सही लागते. तो कंत्राटदार आता सापडत नाही.

शब्दही बघण्यासारखे आहेत. मुंबईत काही योजनांखाली वस्त्या झाडणाऱ्यांना 'स्वयंसेवक' म्हटले गेले आणि त्यांच्या मजुरीला 'मानधन'. स्वयंसेवक म्हटले की तो कामगार उरत नाही, आणि मानधन म्हटले की किमान वेतनाचा प्रश्न विचारता येत नाही. आपल्या लोकांना शतकानुशतके फुकट राबवताना 'सेवा' हाच शब्द वापरला जात होता. त्यामुळे या नव्या शब्दाचा वास ओळखायला आपल्याला वेळ लागू नये.

मुंबईतल्या कामगारांनी हा डाव कोर्टात उघडा पाडलाही आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांचा खटला औद्योगिक न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना महापालिकेचे कायम कामगार मानण्याचा आदेश उचलून धरला. कंत्राटदार हा नुसता पडदा आहे आणि खरा मालक महापालिका आहे, हा त्या लढ्याचा मूळ मुद्दा. निकालाचा आनंद झाला. मात्र तिथपर्यंत पोचायला लागलेल्या वर्षांत कित्येकांचे कामाचे वय सरले.

यात जातीचा हिशेब कुठे आहे, असे काही मित्र विचारतात. कंत्राटीकरण सगळ्यांचेच होत आहे, असे त्यांचे म्हणणे असते. ते खरेही आहे. सरकारच्याच श्रमबल सर्वेक्षणाप्रमाणे शेतीबाहेर नियमित पगार घेणाऱ्यांतल्या अर्ध्याहून अधिक लोकांकडे लेखी करार नाही. पण भिंतीच्या वाईट बाजूलाही तळ असतो, आणि तळाशी कोण आहे ते बघावे लागते. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेखाली २०२४ पर्यंत गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद झाली. त्यांतले जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातले निघाले, आणि एकट्या अनुसूचित जातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या घरात होते. हे काम करायला कोणती पदवी लागते? कोणतीही नाही. मग बाकीच्या जातींतले बेरोजगार तिथे का दिसत नाहीत? बाजार जर फक्त कौशल्य बघत असेल, तर या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

वरच्या टोकालाही हेच आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक होता फक्त नावाचा. २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला पुढचे बोलावणे येण्याचे प्रमाण ०.६७ होते, मुस्लिम नावाला ०.३३. म्हणजे शिकून वर गेलेल्या मुलालाही चांगल्या नोकरीच्या दारात थांबवून आडनाव विचारले जाते.

सरकारी नोकरीत आडनाव विचारून थांबवता येत नाही, कारण तिथे अनुच्छेद १६ (४) आहे, बिंदुनामावली आहे, जातवैधता आहे, अनुशेष मोजायची पद्धत आहे. पण हे सगळे पदाला लागू होते. पदच उरले नाही तर? सफाईचे, पहाऱ्याचे, डेटा एंट्रीचे, वाहनचालकाचे काम एजन्सीला दिले, की सरकारच्या लेखी तिथे पद नसते, 'सेवा' असते. सरकार माणूस नेमत नाही, सेवा विकत घेते. फिनाइल विकत घेताना आरक्षण लागत नाही, तसे. आरक्षण रद्द करायला घटनादुरुस्ती लागते आणि देश पेटेल. आरक्षण पोकळ करायला एक निविदा पुरते. यातली गंमत अशी, की एजन्सीकडेही खालच्या कामांत आपलीच माणसे असतात, वर सुपरवायझर आणि मालक दुसरे. म्हणजे तिथेही आरक्षण आहेच. ते कोणाचे आणि कोणत्या जागांवर, एवढाच फरक.

६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय आठवा. महाराष्ट्र सरकारने नऊ एजन्सी नेमून अतिकुशल, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशी सगळी भरती बाहेरून करण्याची वाट मोकळी केली. राज्यभर स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. दीड महिन्यात, २० ऑक्टोबरला, उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो रद्द केल्याचे जाहीर केले, आणि कंत्राटी भरती कोणी सुरू केली यावर सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. विद्यार्थ्यांचे आंदोलन योग्यच होते. तरी एक गोष्ट बोलली पाहिजे. कंत्राट जेव्हा फक्त झाडूला लागले होते, तेव्हा एवढा आवाज झाला नव्हता. अभियंता, शिक्षक, लिपिक या पदांपर्यंत ते पोचले तेव्हा झाला. यात आपल्या समाजातले शिकलेलेही आले. अभ्यासिकेत एमपीएससी करणारा मुलगा आणि त्याच अभ्यासिकेची फरशी पुसणारी कंत्राटी बाई एकाच वस्तीतली असतात. मात्र दोघांचा प्रश्न एक आहे, हे आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच ऐकू येते. आरक्षणाची परिषद वेगळी भरते, सफाई कामगारांचा मेळावा वेगळा भरतो.

आणखी एक गाठ आहे, आणि ती सोपी नाही. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. २०२३ मध्ये राज्य सरकारने त्याचे नियम एकत्र केले आणि त्यावरून न्यायालयात वादही गेला. या तरतुदीने हजारो घरे तरली. त्याच तरतुदीने बापाचा झाडू पोराच्या हातातही दिला. बी.कॉम. झालेला मुलगा वारस म्हणून रस्त्यावर उभा राहतो, कारण बाहेर त्याला १५ हजारांची खात्रीही नाही आणि इथे कायम नोकरी आहे, राहायला खोली आहे. आपल्यातले काही विचारवंत यावर नाक मुरडतात. बाबासाहेबांनी ही घाणेरडी कामे सोडा म्हणून सांगितले होते, असे ते ऐकवतात. सांगितले होते, हे खरेच आहे. पण नोकरीला दोन मापे आहेत. एक मान, दुसरे भाकरी. कायम सफाई कामगाराची नोकरी मानाच्या मापाने वाईट आणि भाकरीच्या मापाने चांगली होती. कंत्राटी सफाई कामगाराची नोकरी दोन्ही मापांनी वाईट आहे. जात तशीच ठेवून फक्त भाकरी कमी करणे, याला काम सुटणे म्हणत नाहीत. ज्या घरात पक्का पगार होता, त्याच घरातली पुढची पिढी झाडूपासून दूर गेली, हे मी पाहिलेल्या बहुतेक कुटुंबांत दिसते. कंत्राटी घरातली मुले दहावीनंतर त्याच मुकादमाकडे 'बदली' म्हणून उभी राहतात.

हा प्रश्न एका शहराचा नाही. २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने कचरा उचलून नेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर खासगी कंत्राटात देण्याची निविदा काढली, तेव्हा सगळ्या कामगार संघटना एकत्र आल्या आणि संपासाठी मतदान घेण्यापर्यंत गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चेन्नईत दोन विभागांची सफाई खासगी कंपनीला दिल्यावर तिथले सफाई कामगार, त्यांत बहुसंख्य महिला, महापालिकेच्या रिपन बिल्डिंगसमोर १३ दिवस बसले. शेवटी मध्यरात्री पोलिसांनी त्यांना उचलले. तेव्हा तिथे सामाजिक न्यायाचे नाव घेणाऱ्या पक्षाचे सरकार होते. निविदेवर सही करताना पक्षांत फरक उरत नाही.

न्यायालयाकडून मात्र अलीकडे एक आधार मिळाला आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी 'जग्गो विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांनी निकाल दिला. केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे झाडलोट आणि बागकाम करणाऱ्या तात्पुरत्या कामगारांना अचानक काढून टाकले होते. त्यांना काढल्यावर तेच काम बाहेरच्या एजन्सीला दिले, यावरूनच त्या कामाची कायमची गरज सिद्ध होते, असे न्यायालयाने म्हटले आणि त्यांना नियमित करण्याचा आदेश दिला. २००६ च्या उमादेवी निकालाचा दाखला देऊन सरकारी खाती वर्षानुवर्षे अशा कामगारांना हाकलत आली. त्या निकालाचा असा गैरवापर चालणार नाही, हेही यात स्पष्ट झाले. शेजारच्या कर्नाटकने २०२४ मध्ये बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीतही आरक्षण पाळण्याचे परिपत्रक काढले. ते कितपत पाळले जाईल ही शंका आहेच, पण 'एजन्सीत आरक्षण देताच येत नाही' हे म्हणणे त्याने खोटे पाडले. महाराष्ट्रात ही मागणी कोणत्या पक्षाच्या जाहीरनाम्यात ठळकपणे आहे, हे मतं मागायला आलेल्यांना विचारायला हरकत नाही.

आता परत त्या व्याख्येकडे. साफसफाई मुख्य काम नाही असे संहिता म्हणते, पण त्याला एक अट आहे. ती आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर. बँकेचा व्यवसाय झाडू मारणे नाही, म्हणून बँकेला ही सूट मिळेल. महापालिकेचे काय? मुंबई महापालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ६१ मध्ये स्वच्छता हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत स्थानिक संस्थांच्या विषयांत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा व्यवस्थापन आहे. मग शहर स्वच्छ ठेवणे हे महापालिकेचे मुख्य काम नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल? हा युक्तिवाद आपल्या वकिलांनी आत्तापासून तयार ठेवावा, कारण पुढची दहा वर्षे खटले याच ओळीवर लढले जाणार आहेत. संहितेची कंत्राटी कामगारांविषयीची तरतूद ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तरच लागू होते. जुन्या कायद्यात ही मर्यादा २० होती. तेव्हा २० टाळायला १८-१९ जणांच्या टोळ्या पाडल्या जात. आता ४९ जणांच्या पडतील, त्यावरही नजर हवी.

कार्यकर्त्यांना एक काम लगेच करता येईल. आपल्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत माहिती अधिकारात पाच प्रश्न टाका: मंजूर सफाई पदे किती, त्यांपैकी भरलेली किती, कंत्राटी कामगार किती आणि कोणत्या कंत्राटदारांकडे, त्यांच्या पीएफचे मासिक चलन कुठे आहे, आणि रिक्त पदांचा अनुशेष शेवटचा कधी मोजला. आमच्या भागात असा अर्ज टाकला तेव्हा पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ३० दिवसांत आली. उरलेल्या तीन प्रश्नांसाठी आम्ही पहिले अपील केले आहे.